पिग्मी मशीनचं ‘ओके’ बटण कुठे ठेवावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. पतसंस्थांच्या पिग्मी एजंटांसाठी, म्हणजे रोज दुकानोदुकानी फिरून छोटी ठेव गोळा करणाऱ्यांसाठी, तुम्ही हातात धरायचं पावती मशीन बनवताय. वर 2 इंची थर्मल प्रिंटर, त्याखाली छोटा स्क्रीन, त्याखाली आकड्यांचा की-पॅड. उजव्या रांगेत अगदी तळाला ‘ओके’ आणि त्याच्या डोक्यावर ‘रद्द’. चालू-बंदचं बटण उजव्या कडेला. रुंदी 82 मिमी, कागदाच्या रोलसकट वजन 430 ग्रॅम. अशी 20 मशीनं एजंटांना वापरायला दिली आणि तीन तक्रारी आल्या. ‘ओके’ दाबायला जावं तर ‘रद्द’ दाबलं जातं. मशीन पिशवीत आपलं आपण चालू होतं आणि दुपारपर्यंत बॅटरी उतरते. आणि संध्याकाळी अंगठा दुखतो. तुम्ही विचारलंय की बटणं मोठी केली तर भागेल का, आणि ‘बहुतेक लोक उजव्या हाताचे, म्हणून ओके उजवीकडे’ हा विचार बरोबर आहे ना.

बटणं मोठी करून भागणार नाही. आणि ते उजव्या हाताचं गणितच तुम्हाला आडवं आलंय.

एक दिवस एजंटाबरोबर फिरा. गाडी स्टँडवर लावायची, पिशवी खांद्याला, किराणा दुकानाच्या फळीपाशी उभं राहायचं. दुकानदार गिऱ्हाईक करता करता शंभराची नोट पुढे करतो. ती एजंट कुठल्या हाताने घेतो? उजव्या. सुटे परत कुठल्या हाताने देतो? उजव्या. पावती उजव्याच हाताने फाडतो. मग मशीन उरतं डाव्या हातात, आणि बटणं दाबायला उरतो डाव्या हाताचा अंगठा. म्हणजे तुमचा गिऱ्हाईक उजव्या हाताचा आहे म्हणूनच तुमचं मशीन डाव्या अंगठ्याने चालतंय. ही सवय मशीनच्या आधीची आहे. उडुपीत 1928 साली पिग्मी ठेव सुरू झाली तेव्हापासून एजंटाच्या डाव्या हातात वही आणि उजव्या हातात पेन. वही गेली, हात तसेच राहिले. वॉकी-टॉकीचं बोलायचं बटण बहुतेक वेळा डाव्या कडेला का असतं ते बघा: डाव्या हातात धरलं की अंगठा तिथेच येतो आणि उजवा हात लिहायला मोकळा राहतो.

अर्थात हे सगळं परिस्थितीवर आहे. मशीन काउंटरवर ठेवून वापरणार असतील, म्हणजे संस्थेत बसून भरणा घेणार असतील, तर उजव्या हाताची तर्जनी काम करते आणि तुमची आजची रचना चालून जाईल. पैसे एकाने घ्यायचे आणि मशीन दुसऱ्याने चालवायचं अशी जोडी असेल तरी चालेल. पण तुमचे एजंट एकटे, उभ्याने आणि दिवसाला शंभर-दीडशे दुकानं करतात असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा पुढचं सगळं मी डावा अंगठा धरून सांगते.

आता जवळचं काहीतरी त्याच मापाचं डाव्या हातात घ्या. जाड पासबुकं दोन एकावर एक ठेवली तरी चालतील. अंगठा मोकळा सोडा. तो आपसूक कुठे टेकतो? मधल्या रांगेच्या आसपास, थोडा वरच्या अंगाला. तिथून तो कमानीसारखा डावीउजवीकडे फिरतो, त्यात त्याला काही त्रास नाही. दोन जागा त्याला नकोशा असतात. एक म्हणजे खालचा डावा कोपरा, कारण तो अंगठ्याच्या मुळाशीच येतो आणि तिथे पोचायला अंगठा दुमडावा लागतो. दुसरी लांबची, उजवीकडची. तुमचा ‘ओके’ उजव्या तळाला आहे, म्हणजे अंगठ्याने 82 मिमी रुंदी ओलांडायची आणि शिवाय खाली वळायचं. तो वरून-डावीकडून तिरका येतो आणि थकला की थोडा अलीकडेच पडतो. अलीकडे काय आहे? बरोबर वर ‘रद्द’. एजंटांची चूक रोज एकाच दिशेला होते याचं कारण हे. बटणं मोठी केलीत तर अंगठा मोठ्या ‘रद्द’वर पडेल, एवढाच फरक.

त्यात वजनाची भर. प्रिंटर, रोल आणि मोटर सगळं वर, म्हणजे मशीन डोक्याला जड. अंगठा तळाच्या रांगेकडे गेला की पकड सैल होते आणि मशीन पुढे कलंडायला लागतं. मग करंगळी खालून टेकू देते, मनगट वाकडं होतं, आणि अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला जी शीर दुखते ती संध्याकाळी बोलायला लागते. अंगठा दुखतो म्हणून तुम्ही मऊ बटणं लावायचा विचार करताय. दुखण्याचा मोठा वाटा बटणाच्या जोरात नाही, मशीन सावरण्यात आहे. बॅटरी तळाला नेता येते का ते आधी बघा. मागच्या बाजूला, जिथे मशीन एका बोटावर तोलून धरता येतं त्या उंचीला, तर्जनीला अडेल असा एक आडवा उंचवटा द्या. आणि मागे हाताचा पट्टा. पट्टा 30-40 रुपयांचा असेल, पण पकड सोडून अंगठा हलवायची मोकळीक तोच देतो.

इथे मी स्वतः खाल्लेली एक ठोकर सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी बसमधल्या तिकीट मशीनवर काम करत होते. ऑफिसात टेबलाशी बसून आम्ही चौघांनी ते हजार वेळा चालवलं, एक चूक नाही. मग मी स्वारगेट-भोर गाडीत कंडक्टरच्या मागे मागे उभी राहिले. माणूस कंबर सीटच्या दांडीला टेकवून उभा, मशीन डाव्या हातात, बॅग पुढे. तिकीट निघालं की तो उजव्या हाताने कागद तिरका ओढून फाडायचा. त्या ओढीला तोलायला डावा अंगठा मशीनच्या तोंडावर घट्ट दाबला जायचा. आणि नेमकं तिथे, स्क्रीनच्या डाव्या खालच्या कोपऱ्याशी, आम्ही ‘पुन्हा प्रिंट’ ठेवलं होतं! दर दहा-बारा तिकिटांमागे एक जोडतिकीट निघत होतं. कंडक्टर ते चुरगळून खिशात टाकत होता आणि हिशेबाच्या वेळी डेपोत वाद घालत होता. आमच्या चाचणीत हे दिसलंच नव्हतं, कारण टेबलावर बसलेला माणूस मशीन टेबलाला टेकवूनच कागद फाडतो.

तेव्हापासून मी कुठल्याही प्रिंटरवाल्या मशीनला अंगठ्याचा विसावा सोडते. स्क्रीनच्या दोन्ही अंगांना, बोटाच्या पेराएवढी कोरी जागा. बटण नाही, टच नाही, काही नाही. किंचित खोलगट केली तर उत्तम, अंगठा न बघता तिथे जाऊन बसतो. शिवाय फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, छपाई सुरू झाल्यापासून ती संपल्यावर अर्ध्या सेकंदापर्यंत एकही बटण ऐकायचं नाही. हे दुसरं तुम्ही आजच करू शकता, त्याला डाय, म्हणजे बटणं ओतायचा साचा, बदलावी लागत नाही.

‘ओके’ कुठे न्यायचा? स्क्रीनच्या लगेच खाली, मध्यभागी, आडवा आणि रुंद. नोकिया 1100 आठवतो ना? 2003 चा. जगभर 25 कोटींच्या वर विकला गेला, गावोगाव होता. त्यात स्क्रीनखाली मधोमध एकच मोठं बटण होतं, जवळजवळ सगळा कारभार त्याच्यावर. डावखुऱ्याचा अंगठाही तिथे तितकाच सहज पोचतो. दहातला साधारण एक माणूस डावखुरा असतो. त्याच्यासाठी वेगळं मशीन तुम्ही काढणार नाही, मग मधली रांग ही दोघांना सोयीची तडजोड.

‘रद्द’बद्दल माझं मत जरा कडक आहे. तुमच्या फोटोत त्या बटणावर ‘सी’ लिहिलंय आणि ते दोन कामं करतं: एकदा दाबलं की शेवटचा आकडा पुसतं, पुसायला आकडा नसेल तर अख्खी नोंद रद्द करतं. आकडा खोडायचं काम एजंट दिवसात पन्नास वेळा करतो. नोंद रद्द करायचं काम आठवड्यातून एखादवेळी. इतकी वेगळी कामं एका बटणावर ठेवलीत की हात पहिल्याच्या सवयीने दुसरं करून बसतो. ‘खोडा’ आकड्यांजवळ ठेवा, सहज हाताशी येईल असं. ‘रद्द’ लांब कोपऱ्यात, लहान, पृष्ठभागाच्या किंचित आत, आणि दाबल्यावर ‘नोंद रद्द करू?’ असं विचारणारं. कार्ड स्वाइप करायच्या मशीनवर लाल, पिवळं, हिरवं असं त्रिकूट असतं, ते लोकांच्या ओळखीचं आहे, म्हणून रंग तेच ठेवा. जागा मात्र तिथून उचलू नका, ते मशीन बहुधा काउंटरवर असतं. आणि नुसत्या रंगावर विसंबू नका. पुरुषांमध्ये शंभरातल्या सुमारे आठांना लाल-हिरवा फरक नीट कळत नाही. हिरव्यावर उठावाचा गोल आणि लालवर फुली द्या, म्हणजे अंगठ्यालाही वाचता येईल. बऱ्याच एजंटांचा चाळिशीचा चष्मा शर्टाच्या खिशातच असतो, विसरू नका.

आकड्यांची मांडणी फोनसारखीच ठेवलीत, 1-2-3 वर, ते ठीक. कॅल्क्युलेटरवाले 7-8-9 वर मागतील, त्यांचं ऐकू नका. अमेरिकेत बेल या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेने बटणांच्या फोनसाठी वेगवेगळ्या मांडण्या लोकांवर तपासून पाहिल्या, 1960 मध्ये ते काम छापून आलं आणि 1963 मध्ये तसे फोन बाजारात आले. आज एजंटाच्या खिशातल्या मोबाइलवरही तीच मांडणी आहे. पाचावर ठिपका मात्र हवाच. तुमच्या नमुन्यात तो छापलेला दिसतोय. छापलेला ठिपका बोटाला लागत नाही, रबरातच उठवून घ्या.

जोराबद्दल. बाजारात सहज मिळणारे 6 मिमीचे टॅक्ट स्विच, म्हणजे बटणाखालचे ‘टिक’ करणारे छोटे स्विच, घेतलेत तर 160 आणि 260 ग्रॅम जोराचे दोन्ही मिळतात. आकड्यांना आणि ‘ओके’ला 160, ‘रद्द’ला 260, असं मी सुरुवातीला धरते आणि मग हातात घेऊन ठरवते. 100 च्या खाली गेलात तर अंगठा नुसता टेकला तरी आकडा उमटेल. ‘टिक’ स्पष्ट लागली पाहिजे, कारण बाजारपेठेत बीप ऐकू येत नाही. आणि अंगठा बटणावर सरळ उभा पडत नाही, कडेने तिरका पडतो. रबरी बटण उंच आणि अरुंद असेल तर ते तिरक्या दाबाने कलतं आणि खाली स्विच लागतच नाही. मग एजंट जोर वाढवतो. बटण बसकं, माथा किंचित फुगीर, आणि एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 13 मिमीच्या खाली मी जात नाही. तुमचं अंतर 11 आहे. बटणांचा आकार तोच ठेवून नुसती फट वाढवलीत तरी फरक पडेल.

मापं घेताना एक काळजी. रुंदी ठरवायची ती लहान हातावरून, फट ठरवायची ती जाड अंगठ्यावरून. सरासरी हात धरून दोन्ही ठरवलंत तर दोन्हीकडचे लोक हैराण होतात. पिग्मीच्या कामात बायका पुष्कळ आहेत, तुमच्या 20 जणांत किती होत्या ते तुम्ही लिहिलेलं नाही. परदेशी तक्त्यांवर जाऊ नका. अहमदाबादच्या एनआयडीतून, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून, 1997 मध्ये भारतीय शरीरमापांचं काम प्रसिद्ध झालंय, त्यात हाताची मापं आहेत. 82 मिमी मला जास्तच वाटते. रोलच 58 मिमीचा आहे, तेव्हा वरचा भाग रुंद राहणार हे कबूल. पण की-पॅडपाशी, जिथे मूठ आवळली जाते तिथे, कंबर काढून 70 पर्यंत येता येईल.

आता पिशवीत चालू होणारं मशीन. उजव्या कडेचं बटण हे डाव्या हाताच्या चार बोटांच्या टोकांखाली येतं, म्हणजे पकडतानाही दाबलं जात असणार, फक्त तेव्हा मशीन चालूच असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. कडेच्या बटणाचा नियम एकच: दाबताना समोरच्या कडेला काहीतरी टेकू लागतो, तेव्हा समोरासमोर दोन बटणं ठेवू नयेत. आयफोन 6 मध्ये, 2014 साली, फोन उंच झाला म्हणून चालू-बंदचं बटण माथ्यावरून उजव्या कडेला आणलं. ते समोरच्या आवाजाच्या बटणांच्या रेषेत आलं आणि एक दाबताना दुसरं दाबणं सुरू झालं. तुमच्या डाव्या कडेला टॉर्चचं बटण दिसतंय, तेही त्याच रेषेत.

चालू-बंद माथ्यावर न्या, प्रिंटरच्या बाजूला, पृष्ठभागापासून मिलिमीटरभर आत, आणि दोन सेकंद दाबून धरल्याशिवाय चालू होऊ नये. ‘तीनदा पटापट दाबलं की चालू’ अशी युक्ती कुणी सुचवली तर सावध राहा. पिशवीत डबा, किल्ल्या, पासबुकं असतात आणि माणूस चालत असतो. चालताना हिसके लयीतच बसतात. ब्रिटनमध्ये 2023 च्या जूनमध्ये पोलिसांना जाहीरपणे सांगावं लागलं की अँड्रॉइड फोनवर बटण पाचदा दाबलं की लागणारे आणीबाणीचे कॉल खिशातूनच लागतायत. आत दडवलेलं बटण आणि दाबून धरण्याचा वेळ, या दोन्ही गोष्टी हव्यात. आणि चालू झाल्यावर वीस सेकंदांत काही दाबलं नाही तर मशीन परत झोपू द्या, म्हणजे इतकं करूनही चालू झालंच तर बॅटरी जाणार नाही.

अंगठ्याच्या दुखण्याला आणखी एक उपाय आहे, तो बटणांच्या जागेत नाही. दीडशे दुकानं, प्रत्येकाला पाच आकडी खातं, तीन आकडी रक्कम आणि दोन ‘ओके’. दिवसाला 1500 वेळा अंगठा. पण एजंटाचा रस्ता ठरलेला असतो: आधी किराणा, मग कटिंगवाला, मग झेरॉक्स. आणि बरेचसे दुकानदार रोज तेवढीच रक्कम देतात. यादी त्याच क्रमाने लावा, कालची रक्कम भरून ठेवा. मग बहुतेक दुकानांना ‘पुढे’ आणि ‘ओके’ एवढंच लागेल, म्हणजे दिवसाला तीनशेच्या आसपास. रक्कम बदलली तरच आकडे. फक्त कालची रक्कम स्क्रीनवर ठळक दिसू द्या आणि पावतीवर मोठी छापा, नाहीतर डोळे मिटून ‘ओके’ दाबायची सवय लागेल आणि ती चूक बटणाच्या चुकीपेक्षा महाग पडते.

तुमची की-पॅडची डाय कापून झालीय का, ते तुमच्या लिहिण्यावरून कळलं नाही. झाली असेल तर या क्रमाने जा. आधी फर्मवेअर: छपाईनंतरची अर्ध्या सेकंदाची गप्प वेळ, ‘रद्द’ला खात्री विचारणं, चालू-बंदला दाबून धरणं, दुकानांची यादी. मग आहे त्याच बटणांची कामं बदला: स्क्रीनखालचं जे मधलं बटण आता ‘मेनू’ आहे त्याला ‘ओके’ करा, तळाचं ‘मेनू’, आणि ‘रद्द’च्या जागी ‘खोडा’. तिथे चूक झाली तरी एक आकडा पुसला जाईल, नोंद जाणार नाही. खरा ‘रद्द’ सध्या मेनूच्या आत टाका. यात फक्त की-पॅडवरची छपाई बदलते. मागचा पट्टा बाहेरून लावता येतो. रुंदी, विसावा, बॅटरीची जागा हे पुढच्या मोल्डसाठी राखून ठेवा.

आणि डाय झाली नसेल तर कृपा करून आठवडाभर थांबा. पुठ्ठ्याचं किंवा फोमचं तंतोतंत मापाचं मशीन करा. आत बरोबर जागी वजन घाला, मी वाळूच्या पुड्या घालते, प्रिंटरच्या जागी जड, बॅटरीच्या जागी तेवढ्यास तेवढी. तोंडावर कोरा कागद चिकटवा, बटणं काढू नका. एजंटाच्या अंगठ्याला स्टॅम्प पॅडची शाई लावा, त्याच्या उजव्या हातात नोटा द्या आणि सांगा, नेहमीसारखी वीस दुकानं करा, ‘ओके’ म्हणाल तिथे अंगठा टेकवा. दर वेळी एक कागदी पट्टी वरून फाडायला द्या. शेवटी कागद काढून बघा. एका जागी दाट गोळा दिसेल, तिथे ‘ओके’. कडेला एक फिसकटलेला, घासलेला डाग दिसेल, तो फाडतानाचा अंगठा, तिथे विसावा. जिथे एकही ठसा नाही तो कोपरा ‘रद्द’चा. पाच-सहा जणांचे कागद एकावर एक धरून उजेडाकडे बघितले की मांडणी जवळपास तयार असते.

त्या पाच-सहांत एक डावखुरा आणि किमान दोन लहान हाताच्या बायका असू द्या. डावखुऱ्याचा डाग उलट्या कडेला येईल, म्हणूनच विसावा मी दोन्ही अंगांना सोडायला सांगितलाय. आणि पट्ट्याच्या कड्याही दोन्ही बाजूंना द्या, तो हव्या त्या हाताला बांधून घेईल.